खरं बोलल्याचा दाखला

त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि आमची वसाहत चढावर असल्यामुळे आमच्यापर्यंत तेही धड पोचायचं नाही. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. मागच्या वर्षी जिथं ज्वारीची धसकटं पाहिली होती तिथं प्लॉटचे दगड रोवलेले दिसत, दगडांच्या मागोमाग घरं उभी राहत, पण पाणी होतं तेवढंच. मी नुकती वकील झाले होते. काळा कोट नवा, पुस्तकं नवी आणि नाकावरचा राग मात्र जन्मापासूनचा. त्यात दर आठवड्याला रांगेत घागरी भरून कोर्टात जायचं, म्हणजे समोरच्या वकिलाआधी कुणाशी तरी भांडण झालेलंच असे.

मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते ते आमचे सर खंडपीठातले नाणावलेले वकील. त्यांच्या ऑफिसात मी एकटीच बाई, म्हणून फायली वाहणं, जुने निकाल शोधणं आणि बायका पक्षकार आल्या की त्यांच्याशी गोड बोलणं ही कामं माझी. त्यातलं तिसरं मला सगळ्यात अवघड जायचं.

त्या वर्षी आमच्याकडे निवडणूक याचिका आली. निवडणूक हरलेल्या माणसाला जिंकलेल्याची निवड रद्द करून मागता येते. त्यासाठी थेट उच्च न्यायालयात जावं लागतं आणि जिंकलेल्यानं मतांसाठी भ्रष्ट मार्ग वापरले हे अगदी काटेकोर पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. आमचे पक्षकार निवृत्त हेडमास्तर होते, थोडक्यात हरलेले. मतदारसंघ कुठला ते सांगत नाही. जिंकलेल्यांना सगळे साहेब म्हणत, मीही तेच म्हणते. हेडमास्तरांचं म्हणणं असं की, साहेबांनी दुष्काळात तहानलेल्या वस्त्यांना पाण्याचे टँकर दिले आणि त्या बदल्यात मतांची शपथ घ्यायला लावली. असं सगळीकडे बोललं जात होतं. कोर्टात येऊन सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. शेवटी एका धनगरवस्तीवरची एक बाई तयार झाली.

तिला भेटायला आम्ही जळगाव रोडनं सिल्लोड मागं टाकून गेलो. पुढं कुठं वळलो ते विचारू नका. उघडी माळरानं, काटेरी फांद्यांची कुंपणं घातलेले मेंढ्यांचे वाडे आणि त्यांतले निम्मे रिकामे. बाई पंचावन्नच्या आसपासची असावी, उंच, काठीसारखी ताठ. मी त्यांना मावशी म्हणाले. त्या आधी मला ‘बाई’ म्हणाल्या आणि पाचच मिनिटांनी ‘पोरी’ वर आल्या.

“दुपार व्हती,” मावशी सांगू लागल्या. “समदे मेंढरामागं, न्हायतर रोजगार हमीच्या कामावर. म्या एकलीच व्हते. सायबाचा मानूस आला, मागं टँकर. म्हनला, वस्तीचा भंडारा तुमच्याकडंच हाय नव्हं? काढा. म्या काढला. त्यानं उचलला, म्हनला पाऊस पडस्तोवर दर दोन दिसाला टँकर ईल. मंग म्या उचलला. म्हनलं, वस्तीचं एकूनएक मत तुमच्या सायबाला.”

भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती चिमटीत उचलून दिलेला शब्द या माणसांत सहीहून पक्का. वस्तीचा भंडारा एका कापडी पिशवीत असतो, आणि ज्याच्या शब्दावर सगळी वस्ती चालते त्याच्या घरच्या खुंटीला ती पिशवी टांगलेली असते. मावशींच्या सासूकडून ती मावशींकडे आली होती.

मतदान झालं. वस्तीनं शब्द पाळला. मतमोजणी झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून टँकर बंद. मावशींनी निरोप धाडले, साहेबांचा माणूस ओळखच देईना. मेंढ्या मरू लागल्या. दोन घरं मेंढरं विकून वाळूजला बांधकामावर गेली. आणि मग वस्ती मावशींवर उलटली. त्यानं भंडारा उचलला हे पाहिलं कुणी? एकट्या मावशींनी. म्हणजे त्यानं उचललाच नसेल, हिनंच पाणी बघून आपली मतं वाटून टाकली, असं ठरलं. चुलत दीर येऊन पिशवी घेऊन गेले.

मावशींनी मला घरात नेऊन खुंटी दाखवली. भिंतीवर खुंटीच्या खाली पिवळा डाग होता. पिशवी वर्षानुवर्षं घासून पडलेला.

“मला तुमची निवडनूक कळत नाय,” त्या म्हणाल्या. “त्यानं बी उचलला व्हता, म्या खोटं बोलत नाय, येवढं सरकारी कागदावर पायजे.”

मी होकार दिला. तेव्हा मला कशालाही होकार द्यायला काही वाटत नसे.

परत येताना गाडीत सर खुशीत होते. मला कारण समजेना. त्यांनी समजावलं तेव्हा मी थक्क झाले, त्यांच्या हुशारीवर. बाई जर म्हणाली की पाण्यासाठी मत दिलं, तर ती लाच झाली, आणि लाच घेणाराही कायद्यानं देणाऱ्याइतकाच दोषी. अशा साक्षीदारावर न्यायालय सहजासहजी विश्वास ठेवत नाही, वर बाईच अडचणीत यायची. पण ती जर म्हणाली की भंडारा उचलल्यामुळे देवाच्या कोपाची भीती वाटली, तर प्रकरण पालटतं. मतदाराला देवाच्या कोपाची धास्ती घालणं हाही भ्रष्ट मार्गच. त्यात बाई दोषी नाही, तिच्यावर अन्याय झालेला. “तिनं फक्त भीती वाटली म्हणायचं,” सर म्हणाले. “तयारी तू करून घे.”

साक्षीच्या दोन दिवस आधी मावशी एसटीनं आल्या आणि माझ्याच घरी उतरल्या. सकाळी त्यांना तोंड धुवायला तांब्या दिला. त्यांनी त्यातलं वाटीभर पाणी घेतलं, त्यात तोंड धुतलं, ओल्या हातानं मान पुसली आणि जवळजवळ भरलेला तांब्या मला परत दिला. मी पाण्यावरून रोज शेजाऱ्यांशी हुज्जत घालत असे, आणि मी स्वतः तोंडाला दोन तांबे घ्यायचे. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तो मी त्यांच्यावरच काढला.

“मावशी, आता नीट ऐका. वकीलसाहेब विचारतील, भंडारा उचलल्यावर काय वाटलं. तुम्ही म्हणायचं, भीती वाटली. मत दिलं नाही तर खंडोबा कोपेल असं वाटलं.”

“कोन, खंडोबा?”

“हो.”

“आन् माझ्यावर?” त्यांना हसू आवरेना. “अगं पोरी, तो घरातला हाय. घरातल्याला कुनी भितं का?”

मी पुन्हा समजावलं. खरं सांगितलं तर तुम्ही लाच घेणाऱ्या ठराल, हे सांगितलं. केस कोसळेल, हे सांगितलं. दिवसभर माझ्या नाकी नऊ आले. त्या सगळं शांतपणे ऐकून घेत आणि दर वेळी एकच म्हणत.

“भ्या नव्हतं, पोरी. तहान व्हती.”

आम्ही मोठमोठी पुस्तकं उघडून बसलेली शिकलेली माणसं, आणि आमच्या डोक्यात एकच: भंडारा म्हणजे भीती. गुराढोरांमागं फिरणारी माणसं देवाला भिऊनच वागत असणार, असं आम्ही विचारही न करता धरून चाललो होतो. त्यांच्या लेखी भंडारा हा साक्षीला बसवलेला घरचा माणूस होता. हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी मात्र हट्टाला पेटले होते.

संध्याकाळी मावशी म्हणाल्या, साताऱ्याला न्या. हे सातारा म्हणजे जिल्ह्याचं नव्हे, आमच्या शहराजवळचं खंडोबाचं गाव. तेव्हा ते अजून गाव होतं, तरी वाटेवर वाळूचे ढीग आणि अर्धवट भिंती दिसायला लागल्या होत्या. मला आनंद झाला. वाटलं, बाई देवाची परवानगी काढायला चालली, मन वळतंय. देवळात त्यांनी काहीच मागितलं नाही. उंबऱ्याशी टेकून बसल्या आणि घरी आल्यासारख्या पाय लांब केले. थोडा वेळ पुटपुटल्या, मग म्हणाल्या, “चल.” रिक्षात मी विचारलं, काय म्हणालात? “उद्या कोर्टात हाय म्हनलं. सांगितलेलं बरं,” एवढंच.

दुसऱ्या दिवशी खंडपीठातलं दालन भरून गेलं होतं. उच्च न्यायालयात एरवी साक्षीदार येतच नाहीत, तिथं नुसते कागद आणि वकील बोलतात. निवडणूक याचिकेत तेवढे साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहतात. एका बाजूला साहेब स्वतः पांढऱ्या कपड्यांत, मागं त्यांची माणसं. आमच्या बाजूला हेडमास्तर, त्यांच्या मांडीवर छत्री, बाहेर पावसाचा पत्ता नसताना. मावशी नऊवारीचा पदर घट्ट खोचून पिंजऱ्यात गेल्या. कोर्टाच्या माणसानं शपथ सांगितली, ईश्वरसाक्ष खरं सांगेन. त्यांनी ती म्हटली आणि मग न्यायमूर्तींकडे वळून विचारलं, “सायेब, ह्याला काय उचलाया नाय लागत?”

लोक हसले. न्यायमूर्ती हसले नाहीत. “नाही,” ते मराठीत म्हणाले. “इथं नुसता शब्द पुरतो.” मावशींना ते पटलेलं दिसलं.

सरांनी सुरुवात छान केली. दुपार, टँकर, साहेबांचा माणूस, दोघांनी उचललेला भंडारा. मावशींनी तो माणूस मागच्या बाकावर बसलेला बोटानं दाखवला. मग सरांनी मी लिहून दिलेला प्रश्न विचारला, “भंडारा उचलताना तुम्हाला काय वाटलं?”

“बरं वाटलं. टँकर दिसत व्हता.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. त्यांनी वेगळ्या वाटेनं विचारून पाहिलं, देवाबद्दल काही बोलणं झालं का? “नाय. देवाचं कायबी बोलनं नाय झालं. पान्याचं झालं.” सर खाली बसले. त्यांच्या कोटाच्या पाठीवरूनसुद्धा मला त्यांचा राग दिसत होता.

साहेबांचे वकील उठले ते मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखे. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

“म्हणजे बाई, तुम्ही पाण्यासाठी मत विकलं?”

मावशी तोंड उघडणार तोच न्यायमूर्तींनी हात वर केला. ते त्यांच्याशी सावकाश मराठीत बोलू लागले. “बाई, थांबा. हा प्रश्न समजून घ्या. मतासाठी काही घेणं हाही गुन्हा आहे. तुम्ही हो म्हणालात तर ते तुमच्यावर येऊ शकतं. उत्तर तर द्यावं लागेल, पण त्याआधी मला तुम्हाला आणखी एक सांगायचं…”

“व्हय,” मावशी म्हणाल्या.

न्यायमूर्ती थांबले. “काय, व्हय?”

“घेतलं पानी. मत दिलं, पानी घेतलं. माझ्या एकलीचं नाय, समद्या वस्तीचं. माझ्यावर येत आसंल तर येऊ द्या. पर त्यानं बी उचलला व्हता, त्ये बी लिवा.”

मी कायद्याची पदवी घेतली होती, वादविवादात बक्षिसं मिळवली होती, आणि तोवर मी कुणालाही स्वतःच्या नुकसानीचं खरं इतक्या सरळ बोलताना ऐकलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कोर्टात तसं करत नाहीत म्हणून मी बसून राहिले.

साहेबांचे वकील जरा गडबडले, मग म्हणाले, “आणि मत कुणाला दिलं?”

“हा प्रश्न विचारायचा नाही,” न्यायमूर्ती ताडकन म्हणाले. मग मावशींना, “बाई, तुम्ही मत कुणाला दिलं हे तुम्हाला या देशात कुणी विचारू शकत नाही. मीसुद्धा नाही.”

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतका वेळ हा दरारा, हे उंच आसन, हे काळे कोट यांनी त्यांच्यावर काही परिणाम केला नव्हता. या वाक्यानं केला. “असं बी आसतं?” त्या हळूच म्हणाल्या. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पाठ होतं. त्यांच्या तोंडून तो प्रश्न ऐकल्यावर मलाही पहिल्यांदाच वाटलं की, बाप रे, असंही असतं.

शेवटी वकिलांनी विचारलं, “टँकर बंद झाला म्हणून तुम्हाला राग आहे ना?”

“हाय की. लई हाय. म्हनून खोटं कशाला बोलू?”

साक्ष संपली. न्यायमूर्तींनी मघाशी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. स्वतःवर येणारी उत्तरंही साक्षीदाराला द्यावीच लागतात. पण जो सगळ्या प्रश्नांची उत्तरं खरी देतो त्याला न्यायालय तसा दाखला देतं, आणि मग त्या उत्तरांवरून त्याच्यावर खटला होत नाही. ते आमच्या टेबलाकडे वळून म्हणाले, “याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी साक्षीदाराला हे आधी सांगितलं असेलच.” आम्ही सांगितलं नव्हतं. लाच घेणारा दोषी, हे कलम मी शोधून काढलं होतं. त्याच कायद्यात खरं बोलणाऱ्याला कवचही दिलेलं आहे, ते मी वाचलंच नव्हतं. मी दिवसभर त्या बाईला खोटं शिकवत बसले, तेव्हा खऱ्याची सोय माझ्याच टेबलावर मिटून पडली होती.

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, “तुझी साक्षीदार. तिचा दाखला तूच माग.” ते रागानं म्हणाले, पण मला हवं होतं तेच मिळालं. तो अर्ज मी लिहिला, स्वतःच्या सहीनं, माझा पहिला. असा दाखला कधी कुणी मागितलेला कोर्टाच्या कचेरीतल्या कुणाला आठवत नव्हता. नमुनाच नाही म्हणून तिथल्या जुन्या कारकुनांनी हात टेकले. मग ते आणि मी बसलो, आणि कलमातले शब्द जसेच्या तसे घेऊन मसुदा केला.

निकाल लागायला दोन पावसाळे गेले, त्यातला एक कोरडाच. आम्ही हरलो. तो माणूस साहेबांच्या संमतीनं गेला होता, हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही. एकट्या साक्षीवर, तीही पाणी घेणाऱ्याच्या, कुणाची निवड रद्द करता येत नाही. साहेब साहेबच राहिले. हेडमास्तरांनी सरांशी हस्तांदोलन केलं, छत्री उचलली आणि गेले. पण निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी एक वेगळा परिच्छेद घातला होता. ही साक्षीदार विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना खरं बोलली, असं त्यांनी नोंदवलं, आणि माझा अर्ज मंजूर केला.

मी एकटी एसटीनं दाखला घेऊन वस्तीवर गेले. आपण हरलो, हे मावशींना आधी सांगितलं. “हरलो व्हय,” म्हणाल्या आणि शेळीच्या पुढ्यात पाला टाकत राहिल्या. मग मी कागद काढला. त्यांनी हातातलं काम टाकलं आणि वस्तीवर हाळी दिली. बायका आल्या, म्हातारे आले, चुलत दीर येऊन लांब उभे राहिले.

कागद इंग्रजीत होता. मी एकेक ओळ बघून मराठीत सांगू लागले. या बाईनं उच्च न्यायालयात शपथेवर साक्ष दिली. तिनं सांगितलं की त्या माणसानं भंडारा उचलून शब्द दिला आणि मग तिनं दिला. हे तिच्या साक्षीत आहे, असं लिहिलं होतं. तिला जे जे विचारलं त्या सगळ्याची उत्तरं तिनं खरी दिली, अशी न्यायालयाची खात्री झाली आहे. खाली सही, खाली शिक्का.

चुलत दीर वळले आणि चालू लागले. मला वाटलं, झालं, गेले. ते त्यांच्या घरात शिरले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. दोन्ही हातांत धरून आणली आणि मावशींच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

मावशींनी पिशवीकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, पण हात लावला नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “मघाशी भाऊजी लांब व्हते. परत एकडाव वाच.”

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.